गोळी चालू असताना नशा चढत नाही, म्हणून गोळी थांबवावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्याचं वय २६. आठ महिन्यांपासून डिप्रेशनसाठी एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम चालू आहे आणि गुण चांगला आलाय. पुढच्या आठवड्यात मित्रांबरोबर बाहेर जायचंय, तिथे एमडीएमए (एक्स्टसी म्हणतात ती पार्टीतली नशा) असणार. एक मित्र म्हणतो, गोळी चालू असेल तर काहीच चढत नाही, तीन-चार दिवस आधी बंद कर. दुसरा म्हणतो, दोन्ही एकत्र झालं तर सेरोटोनिन सिंड्रोम (सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन फार वाढून होणारा त्रास) होऊन माणूस मरतो. शिवाय शनिवार-रविवार गांजा ओढणं होतं, त्याचं काय, हेही विचारलंय.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे आणि हे दोन्ही सल्ले ओपीडीत इतक्यांदा ऐकलेत की आता तोंडपाठ झालेत. नशा करा असं मी सांगणार नाही, पण रागावणारही नाही. डॉक्टर रागावला की पेशंट पुढच्या वेळी खोटं सांगतो, आणि त्या खोट्याच्या आधारावर मी पुढचं प्रिस्क्रिप्शन लिहितो. ते मला जास्त महागात पडलेलं आहे.

तुम्ही विचारलंय, ‘थांबवू की नको’. मला तुमच्या प्रश्नात वेगळीच गोष्ट खटकते. ‘चढत नाही’ हे वाक्य तुम्ही ‘लागू होत नाही’ अशा अर्थाने वापरताय. या दोन गोष्टी एक नाहीत, आणि मी ज्यांना मध्यरात्री इमर्जन्सीत पाहिलंय त्यांतले बरेचसे याच घोटाळ्यातून तिथे पोचले होते.

आधी आत काय घडतं ते बघू. सेरोटोनिन एका चेतापेशीतून बाहेर पडतं, पुढच्या पेशीला निरोप देतं आणि मग एका दारातून परत आत ओढलं जातं. या दाराला ट्रान्सपोर्टर म्हणतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही एसएसआरआय गटातली औषधं त्या दारात ठाण मांडून बसतात, त्यामुळे सेरोटोनिन बाहेर जरा जास्त वेळ राहतं. एमडीएमएला मात्र त्याच दारातून आत शिरायचं असतं. आत शिरून ते साठवलेलं सेरोटोनिन उलट्या दिशेने भसाभस बाहेर काढतं. प्रेमाचं भरतं, सगळे आपले वाटणं हा सगळा प्रकार मुख्यतः त्यातून येतो. दारात एसएसआरआय बसलेलं असेल तर एमडीएमएला वाट मिळत नाही. म्हणजे तुमचा पहिला मित्र चूक बोलत नाही. स्वयंसेवकांना आधी एसएसआरआय देऊन मग एमडीएमए दिल्यावर परिणाम खरोखरच बराच फिका पडतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

पण एमडीएमए फक्त त्या एका दारावर काम करत नाही. ते नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि डोपामिन ही मेंदूतली आणखी दोन रसायनंही सोडवतं, नाडी आणि रक्तदाब वाढवतं, शरीराचं तापमान चढवतं. शिवाय यकृतात एमडीएमएची विल्हेवाट लावण्यात सीवायपी २डी६ नावाच्या एन्झाइमचा मोठा वाटा आहे. पॅरोक्सेटिन, फ्लुओक्सेटिन आणि ब्युप्रोपिऑन ही डिप्रेशनची औषधं हे एन्झाइम चांगलंच दाबून टाकतात, ड्युलोक्सेटिन मध्यम, एस्सिटालोप्राम त्या मानाने किरकोळ. म्हणजे पॅरोक्सेटिनवरच्या माणसाने एक गोळी घेतली तर त्याच्या रक्तात एमडीएमए इतरांपेक्षा जास्त साठतं, आणि जाणवतं मात्र कमी. गाडीचा वेग वाढलाय आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावर अडकलाय. मग माणूस काय करतो? दीड तास वाट बघतो, ‘माल खराब आहे’ म्हणतो आणि दुसरी गोळी घेतो.

असाच एक मुलगा मला चांगला आठवतो. पॅरोक्सेटिन चालू होतं, त्याने टप्प्याटप्प्याने एमडीएमएच्या तीन गोळ्या घेतल्या होत्या. मित्रांनी त्याला उचलून आणलं तेव्हा कपडे घामाने पिळून काढावेत असे भिजलेले, बाहुल्या मोठ्या, जबडा आवळलेला. मित्र सांगत होते, ‘डॉक्टर, नुसतं एनर्जी ड्रिंक घेतलंय.’ मी त्याचा गुडघा थोडा वाकवून तळपाय झटकन वर दाबला आणि तसाच धरून ठेवला. पाय थांबेना. शिवणयंत्राची सुई चालावी तसा माझ्या तळहातात टकटक आपटत राहिला. याला क्लोनस म्हणतात. एनर्जी ड्रिंकने असं होत नाही. मित्रांना बाहेर नेऊन पोलिसांना कळवायला नव्हे, उपचार करायला विचारतोय असं सांगितल्यावर खिशातून पुडी निघाली. त्याला लोराझेपाम हे शांत करणारं औषध दिलं, सलाइन लावलं, थंड पाण्याने अंग पुसत राहिलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो शुद्धीवर, भुकेला आणि बराच ओशाळलेला होता. सगळ्यांचं असं निभावत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राकडे येऊ. सेरोटोनिन सिंड्रोम म्हणजे चालू-बंद होणारं बटण नव्हे. हाताला हलका कंप, जुलाब, घाम, अस्वस्थपणा इथपासून ४१ अंश सेल्सिअसच्या वर ताप, आखडलेले स्नायू आणि झटके इथपर्यंत त्याची पायरी चढत जाते. एसएसआरआय आणि एमडीएमए एकत्र घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना गंभीर स्वरूपाचा सिंड्रोम होत नाही, कारण वर सांगितलेलं दार अडवलेलं असतं. पण त्याची नोंद झालेली प्रकरणं आहेत, विशेषतः जास्त मात्रा, वारंवार घेणं आणि तिसरं एखादं औषध मध्ये आल्यावर.

खरी जीवघेणी जोडी दुसरी आहे. मोनोअमाइन ऑक्सिडेज इनहिबिटर, म्हणजे एमएओआय गटातली डिप्रेशनची जुनी औषधं: फेनेल्झिन, ट्रॅनिलसिप्रोमिन, मोक्लोबेमाइड. ही सेरोटोनिनची मोडतोड करणारं एन्झाइमच बंद पाडतात. दार उघडं, आतून लोंढा येतोय आणि निचरा बुजलेला. २००३ साली फिनलंडमधून मोक्लोबेमाइड आणि एमडीएमए एकत्र घेतल्याने झालेल्या चार मृत्यूंची नोंद प्रसिद्ध झाली होती. हल्ली ही औषधं क्वचितच लिहिली जातात, पण आयाहुआस्का नावाचं जे काढ्यासारखं पेय ‘नैसर्गिक’ म्हणून दिलं जातं, त्यातल्या वेलीत हार्मिन आणि हार्मालिन असतं, आणि ती दोन्ही एमएओआयच आहेत. एसएसआरआय चालू असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, हे मी कुठलाही ‘पण’ न लावता सांगतो.

हा धोका नशेपुरता नाही हेही लक्षात घ्या. १९८४ साली न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात फेनेल्झिनवर असलेल्या १८ वर्षांच्या मुलीला पेथिडिन हे वेदनाशामक दिलं गेलं आणि काही तासांत ती गेली. मृत्यूचं नेमकं कारण काय यावर कोर्टात पुष्कळ वाद झाला, पण आमच्या पिढीला ही जोडी शिकवली गेली ती त्या मुलीच्या नावाने. निवासी डॉक्टरांच्या ड्यूटीच्या तासांवर त्या राज्यात मर्यादा आली तीही त्याच प्रकरणातून. सांगायचा मुद्दा, डॉक्टरच्या हातूनही हे होऊ शकतं, जर त्याला पूर्ण यादी माहीत नसेल.

आता ‘तीन-चार दिवस आधी बंद कर’ या सल्ल्याचं गणित. एस्सिटालोप्रामची पातळी साधारण ३० तासांत निम्मी होते. तीन दिवसांनी रक्तात एक पंचमांशाच्या आसपास उरतं. पण ट्रान्सपोर्टरवरचा कब्जा त्याच प्रमाणात सुटत नाही. रक्तातली पातळी बरीच उतरली तरी मेंदूतली बरीच दारं अडलेलीच राहतात. म्हणजे नशा ‘पूर्ण’ मिळणार नाहीच. फ्लुओक्सेटिनचं तर विचारूच नका. त्याच्या विघटनातून तयार होणारं नॉरफ्लुओक्सेटिन ४ ते १६ दिवसांत निम्मं होतं. म्हणूनच फ्लुओक्सेटिन थांबवून एमएओआय सुरू करायचं असेल तर आम्ही पाच आठवडे थांबतो.

आणि या तीन-चार दिवसांत तुमचं काय होतं? चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपेत विचित्र स्वप्नं, डोळे फिरवले की डोक्यात करंट लागल्यासारखा झटका. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनवर हे सगळ्यात जोरात होतं, एस्सिटालोप्रामवर कमी, पण होतं. त्यावर एमडीएमए, जागरण, नाच. मग एमडीएमए उतरल्यानंतरचे दोन-तीन दिवस, ज्यात धडधाकट माणसालाही उदास, रिकामं वाटतं. तुम्ही ते दिवस औषधाशिवाय काढणार, आणि तुमचा मूळ आजार डिप्रेशन आहे. माझ्याकडे असे लोक पार्टीच्या रात्री येत नाहीत, पुढच्या मंगळवार-बुधवारी येतात. ‘डॉक्टर, औषधाचा परिणामच गेला’ म्हणून. काहींच्या मनात मरणाचे विचार परत सुरू झालेले असतात. मला त्या रात्रीपेक्षा या मंगळवारची भीती जास्त वाटते. म्हणून माझं उत्तर सरळ आहे: नशेसाठी गोळी थांबवू नका. औषध बंद करायचंच असेल तर ते डॉक्टरबरोबर बसून, हळूहळू, आजाराच्या हिशेबाने.

तुमच्या प्रश्नात न आलेली पण विचारायला हवी होती अशी एक गोष्ट: ते एमडीएमए आहे हे कशावरून? बोलताना लोक ‘एमडी’ म्हणतात आणि एमडी म्हणजे बऱ्याचदा मेफेड्रोन हे दुसरंच उत्तेजक असतं. त्याचा असर लवकर उतरतो, म्हणून माणूस रात्रभर परत परत घेत राहतो. तेही सेरोटोनिन आणि डोपामिन दोन्ही सोडवतं आणि तेही सीवायपी २डी६ मधूनच बाहेर पडतं. पुडीवर नाव लिहिलेलं नसतं. मी वर जे काही ‘एमडीएमए असेल तर’ म्हणून सांगितलं, ते सगळं त्या ‘असेल’वर उभं आहे.

तुमचं औषध एस्सिटालोप्राम आहे म्हणून मी इतका वेळ त्याच्यावर घालवला. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाचं वेगळं असेल तर हिशेब बदलतो. ब्युप्रोपिऑनवर असाल तर मुख्य धोका आकडीचा. दिवसाला ३०० मिलिग्रॅमपर्यंत आकडी येण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास असतं, ४५० ला ते हजारात चारवर जातं. त्यावर कोकेन किंवा इतर उत्तेजक, जागरण, उपाशीपोट आलं की हे आकडे कामाचे राहत नाहीत. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू सोडली तरी हाच धोका आहे, म्हणून अशा पेशंटला मी ब्युप्रोपिऑन देतच नाही. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी ट्रायसायक्लिक औषधं हृदयाच्या विद्युतवहनावर काम करतात आणि कोकेनही नेमकं तिथेच काम करतं. मी या जोडीला सगळ्यात कमी जागा देतोय, कारण बोलण्यासारखं काही नाही. नको.

लिथियमचं वेगळं सांगायला हवं. ते डिप्रेशनचं औषध म्हणून कमी आणि बायपोलरसाठी जास्त वापरलं जातं, पण एसएसआरआयच्या जोडीला अनेकांना असतं. एलएसडी किंवा मॅजिक मशरूममधलं सिलोसायबिन एसएसआरआयवर सहसा फिकं पडतं, म्हणून लोकांना वाटतं लिथियमवरही तसंच. उलट आहे. लिथियमवर असताना एलएसडी किंवा सिलोसायबिन घेतल्यावर आकडी आल्याचे अनुभव अनेकांनी नोंदवलेत. आणि ज्यांना बायपोलर आहे, किंवा घरात कुणाला आहे, त्यांच्यात अशा नशेने उन्माद उसळू शकतो. तो पार्टीबरोबर संपत नाही, आठवडेच्या आठवडे चालतो.

आणखी दोन नावं, जी लोक नशेत धरतच नाहीत. एक ट्रॅमाडॉल. पाठदुखीची गोळी म्हणून घरात असते, पण ती सेरोटोनिनही वाढवते आणि आकडीही आणते. दुसरं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोरड्या खोकल्याच्या कितीतरी सिरपमध्ये असतं. खोकल्यापुरतं दोन चमचे घेतल्याने एसएसआरआयवर सहसा काही होत नाही, नशेसाठी बाटली रिकामी करणाऱ्याचं होतं. पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिनवर तर ते शरीरात मुक्कामच ठोकतं, कारण त्याची वाटही सीवायपी २डी६ चीच.

गांजाबद्दल मी तुम्हाला तितकं घाबरवणार नाही, कारण एस्सिटालोप्रामबरोबर त्याची जीवघेणी टक्कर होत नाही. काय होतं ते सांगतो. नाडी वाढते, काहींना धाप आणि छातीत धडधड होऊन पॅनिक येतो, आणि चिंतेच्या आजारावर औषध घेणाऱ्याने स्वतःच पॅनिक पेटवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. गांजातला सीबीडी हा घटक, विशेषतः तेलाच्या रूपात जास्त मात्रेत घेतला तर, सीवायपी २सी१९ हे यकृतातलं दुसरं एन्झाइम दाबतो आणि एस्सिटालोप्रामची पातळी वाढवतो. ज्यांचं औषध ड्युलोक्सेटिन आहे त्यांच्यात धूर उलटं काम करतो. तंबाखूच्या धुरामुळे त्या औषधाची मात्रा साधारण एक तृतीयांश कमी लागू होते, आणि गांजा बहुतेक जण तंबाखूत मिसळूनच ओढतात. पण माझी खरी अडचण याहून साधी आहे. दर शनिवार-रविवार गांजा होत असेल तर सोमवारचा मरगळलेपणा आजाराचा, गांजाचा की औषध कमी पडल्याचा, हे मला ओळखता येत नाही. मी डोस वाढवतो, जो कदाचित वाढवायला नकोच होता. चार आठवडे गांजा पूर्ण बंद ठेवून मग भेटा, असं मी सांगतो. निम्मे लोक ते करतात. त्यांतल्या काहींचा डोस वाढवावाच लागत नाही.

दारूचं थोडक्यात. मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन, अमिट्रिप्टिलिन या डिप्रेशनच्या गोळ्यांबरोबर झोप आणि तोल दोन्ही जातात. ड्युलोक्सेटिन घेणाऱ्याने रोज भरपूर पिणं यकृताला झेपत नाही. एस्सिटालोप्रामवर एखादा पेग घेतल्याने आभाळ कोसळत नाही, पण दारू स्वतःच डिप्रेशन वाढवते हे तुम्हाला माहीत असेलच.

इतकं सांगूनही काही जण जाणार आणि घेणार. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्याबरोबर असलेल्या शुद्धीवरच्या मित्रासाठी. ‘चढलं नाही’ म्हणून दुसरी गोळी घेऊ नका, या उत्तरातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठेवा. पाणी प्या, पण लिटरमागून लिटर ढोसू नका. एमडीएमए शरीराला पाणी धरून ठेवायला लावतं, एसएसआरआयमुळेही काहींचं सोडियम मुळात उतरलेलं असतं, आणि वर नुसतं पाणी ओतलं की डोकेदुखी, उलट्या, बरळणं आणि आकडी इथपर्यंत मजल जाते. गरम, कोंदट जागेतून मधूनमधून बाहेर या.

अंग तापलं, घाम थांबेना, पाय थरथरत राहिले, स्नायू ताठ झाले, असंबद्ध बोलणं सुरू झालं, तर ‘झोपला की उतरेल’ म्हणून थांबू नका. बहुतेक प्रकरणं औषध पोटात गेल्यापासून सहा तासांच्या आत उघडी पडतात आणि बिघडतातही वेगाने. लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, तोवर एकटं सोडू नका, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा. पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका. हा ताप मेंदूच्या थर्मोस्टॅटने चढवलेला नसतो, आखडलेल्या स्नायूंच्या उष्णतेचा असतो, त्यावर पॅरासिटामॉल चालत नाही. दवाखान्यात स्नायू ढिले करायला बेंझोडायझेपिन देतात, कधी सायप्रोहेप्टाडिनही देतात, तीच जुनी अ‍ॅलर्जीची आणि भूक वाढवायची गोळी. ती सेरोटोनिनचे काही रिसेप्टर अडवते.

तिथे पोचल्यावर दोन गोष्टी डॉक्टरच्या हातात द्या: एस्सिटालोप्रामची स्ट्रिप आणि जे घेतलं त्यातलं उरलेलं जे असेल ते. ‘एनर्जी ड्रिंक’ म्हणू नका.

आणि समजा काहीच झालं नाही, सगळं ठीक पार पडलं, तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी तुमची एकच गोळी घ्या. मध्ये एखादी चुकली असेल तर भरपाई म्हणून दोन नाही. पुढचे चार-पाच दिवस मन फार खाली गेलं, झोप उडाली किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि शनिवारी काय घेतलं होतं ते आधी सांगा, बाकी सगळं नंतर.